‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी...

मराठी घरात आजारांची यादी तशी आटोपशीर असते. डोकं धरलंय? पित्त. अंगावर चट्टे उठलेत? पित्त. बाबा सकाळपासून चिडचिड करतायत? पित्त खवळलंय. आणि मळमळतंय? मग तर विचारायलाच नको!

आता ऑफिसात नुसतं म्हणून बघा, “यार, कसंसंच होतंय.” दोन मिनिटांत तुमच्या खुर्चीभोवती तज्ज्ञांची समिती बसते. टीम लीडर म्हणतो, लिंबू-सोडा मार. अकाउंट्समधल्या ताई पर्समधून आमसूल काढतात. नवीन जॉइन झालेला मुलगा म्हणतो, थंडगार कोला पी, एक ढेकर आली की मोकळा होशील. कुणी पेपरमिंटच्या गोळ्या पुढे करतं, तर कुणी ‘मी नेहमी हीच घेतो’ म्हणत औषधाची अख्खी स्ट्रिप हातात ठेवतं. आणि पँट्रीतले मामा काही न विचारता आल्याचा चहा आणून देतात.

गंमत म्हणजे यातला प्रत्येक जण कधी ना कधी बरोबर असतो. गडबड एवढीच, की सगळे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. कारण मळमळ हा आजार नाहीच मुळी. तो मिस्ड कॉल आहे. नंबर कुणाचा ते न बघता कुणालाही उलटा फोन लावून काय उपयोग?

म्हणून या वेळी घरगुती उपाय सांगणारच आहे, पण ‘उलटी होतेय? हे दहा उपाय करा’ अशी यादी नाही देणार. आधी नंबर बघायचा, मग उपाय. चालेल?

कॉल करतं कोण?

आपल्या मेंदूच्या तळाशी उलटीचा कारभार बघणारी एक यंत्रणा असते. तिला चार ठिकाणांहून फोन येतात. पहिला पोटातून. जठर आणि आतडी बिनसली, की तिथल्या नसा वर खबर पाठवतात. दुसरा कानातून. हो, कानातूनच! ऐकायच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिसरा रक्तातून. मेंदूत एक छोटासा भाग असा आहे, जो रक्तात फिरणारी रसायनं सतत ‘चाखून’ बघत असतो. दारू, काही औषधं, हार्मोन्स, सगळं तिथे कळतं. आणि चौथा फोन थेट मनातून. इंटरव्ह्यूच्या आधी पोटात गोळा येतो ना, किंवा नुसत्या वासाने उमासे येतात, तो हा.

चार नंबर, पण रिंगटोन एकच. त्यामुळे आपण फसतो. कानातून आलेल्या फोनवर पोटाचं औषध घेतो आणि मग ‘घरगुती उपायांनी काही होत नाही गं’ म्हणून मोकळे!

गाडी लागते, ती कानाला

सुरुवात वीकेंडपासून करू. ताम्हिणीतून कोकणात उतरताना, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना, नाहीतर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठताना ग्रुपमधला एक जण तरी अचानक गप्प होतो. अंताक्षरीत त्याची पाळी आली तरी बोलत नाही. चेहरा पांढरा, कपाळावर गार घाम. समजून जायचं, याला गाडी लागली.

‘गाडी लागणं’ हा शब्द मला फार आवडतो. इंग्रजीतला ‘नॉशिया’ही असाच वाहनावरून आलाय. ग्रीक भाषेतलं ‘नाउस’ म्हणजे जहाज, आपल्या ‘नौके’चं चुलत भावंड. म्हणजे माणसाला आधी होडी लागायची, मग बस लागली आणि आता कॅबच्या मागच्या सीटवर मेल चेक करताना लागते.

होतं काय, तर डोळे मोबाइलच्या स्क्रीनवर असतात. ते मेंदूला सांगतात, आपण स्थिर बसलोय. कान सांगतो, कसलं स्थिर, आत्ताच डावीकडे वळलो, आता खाली गेलो. दोन साक्षीदार, दोन जबान्या! मेंदू गोंधळतो. पण गोंधळला तर उलटी कशाला? मिशेल ट्रीझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये यावर एक भन्नाट कल्पना मांडली. निसर्गात डोळे आणि कान यांचं असं बिनसायचं ते मुख्यतः एखादी विषारी गोष्ट खाल्ल्यावर. त्यामुळे मेंदूला वाटतं, विषबाधा झाली, रिकामं करा पोट! बिचाऱ्या मेंदूला एक्स्प्रेस वे माहीतच नाही. हा सिद्धांत सगळ्यांनाच पटलाय असं नाही, पण कॅबमध्ये मोबाइल खाली ठेवायला पुरेसा आहे.

त्यामुळे इथला पहिला उपाय तोंडात टाकायचा नाहीच. मोबाइल बंद, नजर लांब. शक्यतो पुढची सीट घ्या आणि दूरचा डोंगर किंवा रस्त्याचं टोक बघत राहा. डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवा. खिडकी उघडा, एअर फ्रेशनरचा वास असेल तर तो काढायला सांगा. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं. तुम्हीही समोर बघितलंत की मेंदूला तीच सवलत मिळते. गेटवेहून मांडव्याला लाँचने जाताय? मग मध्यावर बसा, तिथे हेलकावे कमी, आणि नजर क्षितिजावर. बसायला जमत नसेल तर सरळ डोळे मिटून घ्या. दोन साक्षीदारांपैकी एकाला घरी पाठवायचं, भांडण आपोआप कमी.

निघताना उपाशी राहू नका आणि मिसळ चापूनही निघू नका. इडली, टोस्ट असं हलकं काहीतरी बरं.

आणि आलं? आलं चालतं. नुसतं आजीच्या म्हणण्यावर नाही हं. डेन्मार्कमध्ये खवळलेल्या समुद्रावर ८० नवख्या नौदल कॅडेट्सवर केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना १ ग्रॅम सुंठपूड दिली, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं काहीतरी. सुंठवाल्यांना उलट्या आणि गार घाम स्पष्टपणे कमी आले. मळमळही कमी दिसली, पण हा फरक ठामपणे बोलण्याइतका मोठा नव्हता. म्हणजे आलं जादू करत नाही, मदत करतं. १ ग्रॅम म्हणजे चहाचा साधारण अर्धा चमचा सुंठ. तेवढी चहात किंवा गुळाच्या गोळीत बसते. नाहीतर आपला आलेपाक आहेच! तो बॅगेत ठेवा आणि घाट सुरू व्हायच्या आधीच चघळायला लागा, पोटात ढवळायला लागल्यावर नको. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, तर मात्र रोज चमचे भरून सुंठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मनगटाची युक्तीही करून बघा. तळहात आपल्याकडे, मनगटाच्या घडीपासून खाली तीन बोटं मोजा. तिथे दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या लागतात, त्यांच्या मधल्या खळग्यात अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. चिनी वैद्यकातला हा बिंदू. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर त्याचा उपयोग होतो, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. घाटातल्या मळमळीवर तेवढा खात्रीचा पुरावा नाही, पण फुकट आहे आणि निरुपद्रवी आहे.

राहिली गोळी. गाडी लागू नये म्हणून मिळणारी गोळी निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. खंडाळ्याला पोहोचल्यावर घेतलीत तर पोटात टिकणार नाही. आणि तिने झोप येते, त्यामुळे जो गाडी चालवणार आहे त्याने ती अजिबात घ्यायची नाही.

चहावर चालणारी माणसं

आता सोमवार. सकाळी नाश्ता नाही, कारण लोकल. पोहोचल्यावर चहा. अकराला दुसरा चहा, मीटिंगमध्ये तिसरा. दुपारी तीनला डबा, रात्री साडेअकराला बिर्याणी, बाराला आडवे. मग सकाळी ब्रश तोंडात घातला की उमासे. याला आपण पित्त म्हणतो आणि इथे शब्द बराचसा बरोबरही आहे. जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत चढतं. घशाशी आंबट, छातीत जळजळ, त्याबरोबर मळमळ.

नीट बघा, इथे समितीचे निम्मे सल्ले उलटे पडतात! गाडी लागल्यावर चोखलेलं लिंबू इथे आधीच जळणाऱ्या घशाला आणखी झोंबतं. पुदिना एरवी पोटाला शांत करणारा, पण तो जठराच्या तोंडाची झडप सैल करतो, त्यामुळे आम्ल आणखी सहज वर येतं. कोल्याच्या बुडबुड्यांनी पोट फुगतं. आणि मामांचा आल्याचा चहा? आलं ठीक, चहा नाही.

मग करायचं काय? दोन-चार घोट थंड दूध घेतलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मात्र ग्लासच्या ग्लास पिऊ नका. आपल्या आयांचा जुना उपाय म्हणजे साळीच्या लाह्या. मूठभर लाह्या पाण्यात भिजवून, थोड्या वेळाने ते पाणी गाळून घोट घोट प्यायचं, किंवा कोरड्याच खायच्या. हलक्या, बिनतेलाच्या, वास नसलेल्या. मळमळणाऱ्या पोटाला अशाच गोष्टी सोसतात. डेस्कच्या ड्रॉवरमध्ये कुरमुरे, साधा खाखरा किंवा मारी बिस्किटं ठेवा आणि पहिल्या चहाच्या आधी त्यातलं काहीतरी पोटात जाऊ द्या.

खरा उपाय मात्र रात्रीचा आहे. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. उशी वाढवून मान मोडण्यापेक्षा पलंगाची डोक्याकडची बाजू विटेवर उचला. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल कमी वर येतं. रोज मोरावळा खा की नका खाऊ, पण साडेअकराची बिर्याणी आणि बाराची झोप ही जोडी तोडल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

आणखी एक शोध घ्या. डोकेदुखीची गोळी उपाशीपोटी घेताय का? लोहाची गोळी सुरू झालीय का? अँटिबायोटिक? वजन कमी करायचं इंजेक्शन? मळमळ त्या तारखेपासूनच सुरू झाली असेल, तर कॉल औषधाचा आहे. ते आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा. कित्येकदा वेळ बदलून किंवा जेवणानंतर घेऊन काम भागतं.

काल रात्रीचं बाधलंय

तिसरा प्रकार ओळखायला सोपा. काल टीमने काहीतरी मागवलं होतं आणि आज अर्धी टीम रजेवर. मळमळ, उलटी, मागोमाग जुलाब. इथे उलटी थांबवण्यापेक्षा अंगातलं पाणी टिकवणं महत्त्वाचं.

आपली पहिली चूक म्हणजे उलटी झाली की तांब्याभर पाणी गटागटा पिणं. ते तसंच बाहेर येतं. उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं पोटाला एकटं सोडा. मग चमचा घ्या. हो, चमचा! दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा ओआरएस. कंटाळवाणं वाटतं, पण पोटाला एवढंच झेपतं. तासाभरात टिकायला लागलं, की घोट वाढवा.

या साध्या पुडीमागे केवढी गोष्ट आहे! १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून लोकांना ते तोंडाने पाजायला सुरुवात केली. पाजायला नर्सही लागत नव्हती, घरचेच पाजत. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, मरणोत्तर पद्मविभूषण २०२३ मध्ये मिळालं. साखरेचा हात धरून मीठ आतड्यातून आत जातं आणि मिठामागे पाणी. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसता ज्यूस हे काम करत नाही.

पुडी नसेल तर घरी करा. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. पुडी विकत घेताना मागे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलाच घ्या. टेट्रापॅकमधली बरीच गोड पेयं ‘ओआरएस’ नाव लावून विकली जायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न नियामक एफएसएसएआयने अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली.

भूक लागली की तांदळाची पेज, मऊ भात, त्यावर चिमूटभर मेतकूट. दूध, तळण, मिसळ दोन दिवसांनी. आणि एक जुना उपाय कृपया विसराच. ‘मिठाचं गरम पाणी पाजा, उलटी काढून टाकली की बरं वाटेल’ हा. एवढं मीठ रक्तात गेलं तर जिवावर बेतू शकतं. उलटी यायची असेल तर ती येईलच, तिला आमंत्रण नको.

बातमी अजून कुणाला सांगायची नाहीये

चौथी मळमळ ऑफिसात सगळ्यात जास्त लपवली जाते. लग्नाला दोन वर्षं झालेली एखादी मैत्रीण अचानक कॅन्टीनमध्ये यायची बंद होते. कुणी डबा उघडला की उठून जाते. विचारलं तर म्हणते, “काही नाही गं, पित्त.” तिसरा महिना उलटेपर्यंत बातमी सांगायची नाही असा आपल्याकडे रिवाज आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत मळमळ सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या दिवसांत मदत हवी असते, त्याच दिवसांत मागता येत नाही. तिथे ‘पित्त’ हा शब्द पदरासारखा कामाला येतो.

गरोदरपणात बहुतेक बायकांना कमी-जास्त मळमळ होते. साधारण सहाव्या आठवड्यापासून सुरू होते आणि चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणतात खरं, पण ती संध्याकाळच्या लोकलमध्येही गाठते. वर्षानुवर्षं ‘मनाचे खेळ आहेत, आमच्या वेळी नव्हतं असलं’ हे ऐकवलं गेलं. १९९९ मध्ये मार्लेना फेझो या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच तीव्र त्रासात आपलं बाळ गमावलं. त्यानंतर त्या याच प्रश्नामागे लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्या आणि केंब्रिजचे संशोधक यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की यामागे जीडीएफ-१५ नावाचं हार्मोन आहे. ते बाळाकडून आईच्या रक्तात येतं आणि जिला आधीपासून त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त. थोडक्यात, कॉल रक्तातून आहे, मनातून नाही. सासूबाईंना हा परिच्छेद वाचायला द्यायला हरकत नाही!

उपाय सोपे. उशाशी कोरडी बिस्किटं किंवा लाह्या, अंथरुणातून उठण्याआधी दोन तोंडात. पोट कधीच पूर्ण रिकामं ठेवायचं नाही, दर दोन तासांनी थोडंथोडं. गरम जेवणाचा वास सोसत नसेल तर गार दहीभात. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक इथेही उपयोगी, मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून. तेवढ्याने भागलं नाही तर बी-६ जीवनसत्त्वापासून सुरू होणारे सुरक्षित औषधोपचार आहेत. ते स्त्रीरोगतज्ज्ञच देतील, केमिस्ट नव्हे. दिवसभर पाणीसुद्धा टिकत नसेल किंवा वजन उतरत असेल, तर ते ‘सगळ्यांनाच होतं’मध्ये मोडत नाही. तसं असेल तर लगेच दाखवायचं.

आणि बाकीच्यांनी काय करायचं? एखादी ‘पित्त’ म्हणाली, तर समजल्यासारखं करायचं, खिडकीजवळची जागा द्यायची आणि सुकी मच्छी मायक्रोवेव्हमध्ये तापवायची नाही.

नंबर कळेपर्यंत

कधी कधी नंबर पटकन कळत नाही. तेवढ्यापुरते हे करा. पट्टा, जीन्सचं बटण सैल करा. वासापासून, गर्दीपासून बाजूला व्हा. नाकाने सावकाश श्वास आत, तोंडाने त्याहून सावकाश बाहेर. इंटरव्ह्यूच्या मळमळीवर तर हाच मुख्य उपाय.

आणखी एक, जे ऐकून मी स्वतः उडाले होते. इंजेक्शनच्या आधी दंडाला पुसतात तो स्पिरिटचा छोटा स्वॅब असतो ना? तो नाकाशी धरून हळू श्वास घ्यायचा. अमेरिकेत इमर्जन्सीत आलेल्या ८० मळमळणाऱ्या रुग्णांवर हा प्रयोग झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि स्वॅब हुंगणाऱ्यांना दहा मिनिटांत बराच फरक पडला होता. केमिस्टकडे या स्वॅबची सीलबंद पाकिटं अगदी स्वस्तात मिळतात. दोन-तीनदा हुंगा, बस. बाटलीभर स्पिरिट नको आणि लहान मुलांवर प्रयोग नको.

दुसऱ्याच्या स्ट्रिपमधली गोळी मात्र परत करा. आपल्याकडे मळमळ म्हटलं की डोम्पेरिडोन असलेली गोळी चॉकलेटसारखी वाटली जाते. तिने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच कमी डोस आणि जास्तीत जास्त एक आठवडा अशी मर्यादा घातली. गोळी वाईट नाही, पण ती कुणाला चालेल हे शेजारचा रोहन-सोहन ठरवू शकत नाही.

आणि जेव्हा ते पित्त नसतं

माझ्या एका मैत्रिणीचे वडील. वय छप्पन्न, डायबिटीस, बाकी ठणठणीत. रात्री जेवण झालं आणि मळमळायला लागलं. छातीत दुखत नव्हतं. जबडा जरा जड वाटत होता आणि दरदरून घाम सुटला होता. काकूंनी आमसुलाचं पाणी दिलं, मग सोडा. मैत्रीण म्हणाली, “बाबा, चला, दवाखान्यात जाऊन येऊ.” काकांचं उत्तर ठरलेलं, “अगं, पित्त आहे ते. सकाळपर्यंत उतरेल.” तिने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, “पित्त असेल तर अर्ध्या तासात परत येऊ आणि मी तुम्हाला आइस्क्रीम देईन.” ईसीजी काढला, तर हार्ट अ‍ॅटॅक! त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. काका आज रोज सकाळी टेकडीवर जातात. सकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

डायबिटीस असणाऱ्यांत, बायकांत आणि वयस्कर माणसांत हार्ट अ‍ॅटॅक कधी कधी असाच येतो. छातीवर हात ठेवून कोसळत नाही, मळमळीचं सोंग घेऊन येतो. म्हणून हे पाठ करा. मळमळीसोबत गार घाम, धाप, छातीवर दडपण किंवा जबडा, हात, पाठ यांत दुखणं असेल, तर आमसूल नाही, १०८.

आणखी काही प्रसंगी घरगुती उपाय गुंडाळून ठेवायचे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं. बेंबीजवळ सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली आणि वाढतच गेली, हे अपेंडिक्स असू शकतं. डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या. ताप, भयंकर डोकेदुखी आणि ताठलेली मान. डोळे पिवळे. आठ तासांत लघवीच नाही, चक्कर येतेय. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाहीये. यातल्या कशालाही ‘बघू सकाळी’ हे उत्तर नाही.

आमसूल, लाह्या, आलं, मोरावळा, सगळं आपलं आहे, चांगलं आहे, वापरा. पण वापरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. शेवटचं काय खाल्लं आणि कधी? डोळे कुठे होते, स्क्रीनवर की रस्त्यावर? आणि मळमळीच्या जोडीला आणखी काय आहे? एका मिनिटाचं काम. उत्तर मिळालं तर उपाय तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. नाही मिळालं, तर डॉक्टरकडे जा आणि तिथे गेल्यावर पहिलंच वाक्य ‘पित्त झालंय’ असं म्हणू नका. काय होतंय ते सांगा. काय झालंय, ते त्यांना ठरवू द्या.

तोवर ड्रॉवरमध्ये आलेपाक, ओआरएसची पुडी, दोन स्वॅब आणि खाखऱ्याचं पाकीट ठेवून द्या. खाखरा जरा लपवून ठेवा. तो मळमळ नसलेल्या लोकांनाही फार आवडतो!